मुंगीचा जबडा, खेकड्याचे कवच

सातारा शहराजवळ अपशिंगे नावाचे एक गाव आहे. त्याच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ असा शब्द जोडतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तेथल्या घरांतून मुलगा वयात आला की पलटणीत जातो. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात शिळा बसवली.

अशा शिळेपुढे उभा राहिलो की मला एक प्रश्न पडतो. इतिहासाच्या पुस्तकांना तो फारसा पडत नाही. ही माणसे नेमकी कशाने मेली? ‘गोळी लागून’ हे उत्तर अपुरे आहे. गोळी लागलेला माणूस दरवेळी जागच्या जागी मरत नाही. तो अर्ध्या तासाने मरतो, दोन तासांनी मरतो, आणि मरतो तो पुष्कळदा अंगातले रक्त वाहून गेल्यामुळे. तेव्हा लढायांचा इतिहास जसा तोफांचा आणि तहांचा आहे, तसाच तो वाहते रक्त थांबवण्याच्या खटपटीचाही आहे. या दुसऱ्या इतिहासातला एकच धागा मी येथे उलगडणार आहे, आणि तो धागा जातो थेट खेकड्याच्या पाठीकडे.

आता सातारा-सांगलीकडच्या माणसाने खेकड्या-कोलंबीच्या टरफलावर लेख लिहावा याचे वाचकांना हसू येईल. आमच्याकडे समुद्र येतो तो सुकट-जवळ्याच्या पाट्यांतून, कुंभार्लीचा घाट चढून, बाजाराच्या दिवशी. हसा बापडे; दिवाळी आहे. पण थोडे पुढेही वाचा.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी भिडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्यांतले शिपाई सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा मुलखांतले. या एका लढाईत इंग्रजांच्या बाजूचे चार हजारांहून अधिक लोक जखमी झाले किंवा पडले. जखमींना न्यायला धड वाहने नव्हती. सामान वाहायच्या, धक्के शोषणारी कमान नसलेल्या खेचरगाड्यांत त्यांना घातले, आणि खडकाळ वाटेने नदीपर्यंत हादरत नेले. पुढे बोटींतून, दाटीवाटीने, कित्येक दिवस बसऱ्याकडे. मागे राहिलेले सैन्य कूट येथे कोंडले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आले. या सगळ्या वैद्यकीय अनागोंदीची चौकशी होऊन १९१७ साली अहवाल निघाला, आणि इंग्लंडातल्या लोकांनी तो वाचून कानांवर हात ठेवले. माझे मत विचाराल तर त्या शिपायांना गोळीने जितके मारले तितकेच रस्त्याने मारले.

याच सुमारास आमच्या कृष्णाकाठी, मिरजेला, अगदी उलट गोष्ट घडत होती. विल्यम वॉन्लेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली मिशनतर्फे इकडे आला. १८९४ साली मिरजेत त्याचे रुग्णालय उभे राहिले. १८९७ साली त्याला जोडून वैद्यकीय शाळा निघाली, पुढे कुष्ठरोग्यांची आणि क्षयरोग्यांचीही सोय झाली. ती जागा आज वानलेसवाडी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १९२८ साली सरकारने त्याला ‘सर’ केले, १९३३ साली तो वारला. मिरजेचे संस्थान छोटे, गाव लहान, पण मोतीबिंदू, मुतखडा, पोटातल्या गाठी घेऊन माणसे बैलगाडीने आणि आगगाडीने लांबून लांबून तेथे येत. आमची आजी म्हणायची, “मिरजेला पोचला की माणूस निम्मा बरा झाला.”

आजीच्या या वाक्यात सगळे मर्म ‘पोचला’ या शब्दात आहे. जो पोचला त्याच्यासाठी टेबल होते, क्लोरोफॉर्म होते, उकळलेली हत्यारे होती, सुई होती. जो वाटेत राहिला त्याच्यासाठी मिरजेतही काही नव्हते आणि मेसोपोटेमियातही काही नव्हते.

सुईत दोरा कोणता असे, हे सांगताना मला नेहमी मौज वाटते. त्या काळच्या शस्त्रवैद्यापाशी मुख्यतः दोन दोरे असत, रेशमाचा आणि कॅटगटचा. नाव जरी कॅट असले तरी त्यात मांजराचा काही संबंध नाही. ती मेंढीच्या आतड्याची तात. हीच तात सारंगीवर चढते. तंतुवाद्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत, जेथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, ते स्वतःही मुळात सारंगीच्या घरातले, त्या गावात एका पेठेत आतड्याची तात सुरात लागत होती आणि दुसरीकडे तीच तात माणसाच्या पोटात गाठ मारून ठेवली जात होती. १८६०-७० च्या सुमारास लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने कार्बोलिक आम्लात भिजवलेली अशी तात वापरून दाखवली. तिचा मोठा गुण असा की शरीर तिला हळूहळू विरघळवून टाकते. टाके काढायला पुन्हा पोट उघडावे लागत नाही.

आपले काम करून स्वतःच नाहीसा होणारा टाका! कल्पना लिस्टरची वाटते. पण आपल्या सुश्रुताने तिच्या जवळपासची एक गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि येथे आमचा धागा प्रथम दिसतो. आतड्याला भोक पडले असेल तर काय करावे? पोट उघडावे, आतडे बाहेर घेऊन स्वच्छ करावे, भोकाच्या दोन्ही कडा जुळवाव्यात, आणि त्या जुळलेल्या कडांना मोठ्या काळ्या मुंग्या डसवाव्यात. मुंगीने घट्ट चावा घेतला की तिचे धड तोडून टाकावे आणि डोके तसेच ठेवावे. मग आतडे आत सारून पोट शिवावे. मुंगी मेली तरी जबडा सुटत नाही, हे आपल्यापैकी ज्याला डोंगळा चावला आहे त्याला ठाऊक असेलच.

मुंगीचा तो जबडा ज्या द्रव्याच्या सांगाड्यावर उभा असतो त्याला आज कायटिन म्हणतात. झुरळाची पाठ, भुंग्याचे पंख झाकणारी ढाल, कोलंबीचे साल, खेकड्याचे कवच यांचा आधार तोच. सुश्रुताला कायटिन ठाऊक होते असे मी मुळीच म्हणत नाही. विमाने आणि अणुबाँब पोथ्यांत शोधणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचे नाही. त्याला ठाऊक होता तो गुण. द्रव्य ओळखायला आणखी फार शतके लागली.

सुश्रुताने वाहते रक्त थांबवण्याच्या चार वाटा सांगितल्या आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. म्हणजे तुरट द्रव्यांनी कडा जुळवणे, थंडाव्याने रक्त गोठवणे, राखेने सुकवणे आणि शेवटी डाग देणे. जखमेवर दाबायच्या त्याच्या चूर्णांत जाळलेल्या क्षौम वस्त्राची राख आहे आणि समुद्रफेनही आहे. ही यादी वाचताना मला आमचे परसू आठवले. विळीने बोट कापले की घरातली म्हातारी माणसे चिंधी जाळून तिची राख चिमटीने दाबत. उसाच्या फडात कोयता लागला की बांधावरचा दगडी पाला चुरगळून त्याचा रस पिळीत. राख आणि माती जखमेत घालून धनुर्वात ओढवून घेण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हेच बरे; वाचकांनी हे प्रयोग करू नयेत. पण क्षौमाची राख आणि आमच्या म्हातारीची चिंधी यांत नाते आहे हे नाकारता येत नाही.

समुद्रफेन म्हणजे समुद्राचा फेस नव्हे. म्हाकूळ नावाच्या सागरी प्राण्याच्या पाठीत एक पांढरी, हलकी, ठिसूळ फळी असते, ती ही. गंध्याच्या दुकानात ती मिळते, आणि पोपट पाळणारे ती चोच घासायला पिंजऱ्यात अडकवतात. ही फळी बहुतांशी चुन्याची. पण तो चुना ज्या पातळ पडद्यांवर रचलेला असतो ते पडदे कायटिनचे. मुंगीच्या जबड्यात एकदा आणि समुद्रफेनात दुसऱ्यांदा असे हे द्रव्य त्या जुन्या ग्रंथात दोन वेळा जखमेजवळ येऊन गेले.

त्याचे नाव पडायला १८११ साल उजाडले. फ्रान्समधल्या नान्सी येथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख ब्राकोनो याला अळंब्यांत एक न विरघळणारा पदार्थ सापडला. १८२३ साली ओदिए या दुसऱ्या फ्रेंच माणसाला तसाच पदार्थ भुंग्याच्या पंखावरच्या ढालीत मिळाला, आणि अंगरख्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने याला कायटिन म्हटले. नाव मोठे समर्पक आहे. कापसाचा धागा ज्या द्रव्याचा असतो त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. एकसारख्या साखरेच्या मण्यांची माळ, फक्त या माळेतल्या मण्यांना नत्राचे एकेक लोलक लटकलेले. पृथ्वीवर वनस्पतींच्या तंतुद्रव्याखालोखाल सृष्टीने विणलेले हेच.

१८५९ साली रूजे याने कायटिन कडक क्षारात उकळले, तेव्हा लोलकांवरची टोपणे गळून पडली आणि जो पदार्थ पूर्वी कशातच विरघळत नव्हता तो सौम्य आम्लात विरघळू लागला. १८९४ साली जर्मनीच्या होप-झायलरने या नव्या पदार्थाला कायटोसान हे नाव दिले. १८९४! म्हणजे मिरजेचे रुग्णालय उभे राहिले तेच वर्ष. एकीकडे जखम शिवणारे हात सज्ज झाले, दुसरीकडे जखम बांधणाऱ्या द्रव्याचे बारसे झाले, आणि त्यांची गाठ पडायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळातली एक हकीकत गुडघेदुखीवाल्या मंडळींसाठी सांगतो, कारण दिवाळी अंक वाचणाऱ्या घरात तसे कोणी ना कोणी असतेच. १८७६ साली लेडरहोझ नावाच्या तरुण जर्मनाने शेवंडीचे, म्हणजे मोठ्या सागरी झिंग्याचे, कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवून त्या माळेचे मणी सुटे केले. या मण्याचे नाव ग्लुकोसामीन. औषधाच्या दुकानात गुडघ्यांसाठी ज्या मोठ्या थोरल्या गोळ्या मिळतात त्या याच, आणि त्या बहुतकरून खेकडा-कोलंबीच्या सालीपासूनच होतात. जन्मात मासळीच्या बाजाराकडून न गेलेले, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करणारे आमचे एक सांगलीकर स्नेही चार वर्षे रोज सकाळी देवपूजा आटोपून ही गोळी घेत होते. मी त्यांना काही सांगितले नाही. गुडघे बरे आहेत असे ते म्हणत. माणसाचा विश्वास मोडू नये. मात्र अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००६ साली आला, त्यात सगळे रुग्ण एकत्र धरले तर या गोळीचा गुण साध्या पिठाच्या गोळीहून खात्रीने अधिक ठरला नाही. वजन उतरवण्यासाठी कायटोसानच्या पुड्या विकणारेही आहेत. त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा अजिंक्यताऱ्यावर पायी चढावे.

पण जखमेची गोष्ट निराळी, आणि तेथे हे द्रव्य खरे उतरले. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य जॉन प्रडन कूर्चेची पूड लावून जखमा लवकर भरतात असे पाहत होते. तिच्यातला गुणकारी भाग शोधता शोधता १९७० साली ते आणि त्यांचे सहकारी ग्लुकोसामीनच्या कुळाशी, म्हणजे कायटिनशी येऊन पोचले. १९८० नंतर जपानात कायटिनच्या पातळ पट्ट्या भाजलेल्या अंगावर लावू लागले. मग नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत कायटोसानच्या पट्टीला परवाना मिळाला, आणि ती सैनिकांच्या खिशात गेली.

ही पट्टी काय करते ते सांगतो. माळेतले ते उघडे लोलक ओल्या जागी धन विद्युत्भाराचे होतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या अंगावर ऋण भार असतो. वाहत्या रक्तात पट्टी दाबली की पेशी तिच्याकडे ओढल्या जातात, एकमेकींना चिकटतात, आणि जखमेच्या तोंडावर चिकट बूच बसते. रक्त आपल्या नेहमीच्या रीतीने गोठायला ज्या अनेक घटकांची साखळी लागते, तिची वाट ही पट्टी पाहत बसत नाही. म्हणून ज्याचे रक्त भीतीने, थंडीने, अतिस्रावाने पातळ पडले आहे, किंवा हृदयरोगासाठी जो रक्त पातळ करणारी औषधे घेतो, त्याच्यावरही तिचा उपयोग होतो. मोठ्या रुग्णालयांत मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून हृदय तपासल्यावर जे भोक उरते त्यावर, आणि दात काढल्यावर हिरडीवर, अशी पट्टी ठेवतात. सुश्रुताच्या यादीत घालायचे तर हे संधान.

तिची गरज किती, हे एका रुक्ष आकड्याने जितके कळते तितके कोणत्याही वर्णनाने कळत नाही. २००१ ते २०११ या काळात लढाईत मेलेल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूची छाननी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरातले ८७ रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलेच नव्हते. त्या वाटेतच गेलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता. आणि जे वाचण्याजोगे होते त्यांच्यातले दहापैकी नऊ रक्त वाहून मेले होते. विमाने, बिनतारी यंत्रे, उडती रुग्णालये सगळे असून हे चित्र! मग १९१५ च्या खेचरगाडीत काय झाले असेल? आजीचे ‘पोचला’ येथे पुन्हा आठवते.

याच छाननीत दुसरेही एक सत्य आहे, ते लपवणे बरे नव्हे. रक्तस्रावाने गेलेल्या त्या वाचण्याजोग्या जवानांपैकी दोन-तृतीयांशांचा रक्तस्राव छाती-पोटाच्या आत होता. तेथे पट्टी दाबायला हात पोचत नाही. मांडीच्या किंवा दंडाच्या जखमेला पट्टा आवळता येतो. पट्टीची खरी जागा जांघेत, काखेत, मानेच्या मुळाशी, जेथे पट्टा बसत नाही पण बोट पोचते. आणि पट्टी घातली म्हणजे काम झाले असे नाही. ती मिनिटे मोजून, सगळा भार देऊन दाबून धरावी लागते. दाबणारा माणूस हवाच.

आपल्या देशात ही गोष्ट दोन वाटांनी आली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोलंबीच्या सालीपासून कायटिन आणि कायटोसान काढण्याची रीत बसवली. कृती ऐकायला स्वयंपाकासारखी आहे. साल सौम्य आम्लात घातली की चुना जातो, क्षारात शिजवली की मांसद्रव्य जाते, उरते ते कायटिन; ते तीव्र क्षारात पुन्हा तापवले की कायटोसान. ते व्हिनेगरात विरघळते आणि पाहिजे तशी पट्टी, स्पंज, धागा, पडदा घडवता येतो. दुसरी वाट अहमदाबादची. लिओ माव्हेली या तरुणाने २००८ च्या सुमारास सुरू केलेल्या उद्योगाने कायटोसानची पट्टी भारतातच तयार केली, आणि ती आपल्या फौजेतही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे यांनी बुरशीतल्या कायटिनचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. बुरशीत आणि अळंबीतही तेच द्रव्य असल्याने आता परदेशी कारखाने बुरशीपासूनही कायटोसान काढू लागले आहेत. आमच्या सांगलीकर स्नेह्यांची त्यामुळे सोय होईल.

मला मात्र फौजेपेक्षा घरचा रस्ता अधिक दिसतो. पुण्याहून बंगळुराला जाणारा हमरस्ता खंबाटकी उतरून साताऱ्यावरून, कराडवरून, पेठ नाक्यावरून जातो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यावर रात्रभर चालतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो. मळणीयंत्रात हात जातो, फडात कोयता निसटतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, १९६२ पासून मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गाडी येईपर्यंतची दहा-वीस मिनिटे ज्याची त्यालाच काढायची असतात. साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर, एस.टी.च्या डब्यात, गावच्या आशाताईंच्या पिशवीत अशी एक पट्टी आणि ती दाबायला शिकलेला एक माणूस असावा, एवढी माझी मागणी आहे. ती फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कराडच्या स्थानकावर मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार भेटले. बोलता बोलता विषय निघाला. ते म्हणाले, “आमच्या वेळी खिशात कापसाची पट्टी असायची, फर्स्ट फील्ड ड्रेसिंग म्हणायचो. माझ्या पोराच्या वेळी दुसरी आली. त्यानं आईला सांगितलं की ही खेकड्यापासनं करतात. ती म्हणाली, मग मी इतकी वर्षं रस्सा करून कवच उकिरड्यावर टाकत होते ते?” आम्ही दोघेही हसलो. तेवढ्यात पाटणची गाडी लागली आणि सुभेदार ट्रंक खांद्यावर घेऊन, वयाला न शोभेल इतक्या चपळाईने, खिडकीतून जागा धरायला धावले.